कॉलरच्या आतला पत्ता

अल्टरमावशीला राग आला की ती गप्प बसायची आणि तिचं मशीन बोलायचं. माझं चष्म्याचं दुकान आणि तिचा शिवणाचा गाळा यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत आहे. मी गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगावं की जवळचा नंबर वाढलाय, आणि पलीकडून मावशीने म्हणावं, "वाढणारच, वय काय झालंय!" गिऱ्हाईक दचकायचं. मी भिंतीवर बुक्की मारायचो. माझा स्वभाव तापट आहे हे सगळी गल्ली जाणते, पण मावशीवर मला कधी मनापासून चिडता आलं नाही.

ती नवे कपडे शिवत नसे. कंबर आत घ्यायची, बाहेर काढायची, चेन बदलायची, पाय आखूड करायचे, एवढंच तिचं काम, म्हणून ती अल्टरमावशी. समोरच्या बँकेतला एक जाडा कारकून दरवर्षी तीच पँट घेऊन यायचा. त्याला ती म्हणायची, "गेल्या वर्षी आत घेतली, यंदा बाहेर काढायची. ही पँट आहे का भाता?" तोही हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. पण तिचा खरा हात होता कॉलर उलटवण्यात. शर्टाची कॉलर मानेपाशी घासून विरते. मावशी ती सगळी उसवून काढायची, खालची बाजू वर करून पुन्हा बसवायची, आणि शर्ट आणखी चार वर्षं चालायचा. हल्ली कॉलर उलटवून कोण घेतं? ज्यांना नवा शर्ट परवडत नाही तेच. आमच्या भागात तशांना तोटा नव्हता.

तिचा नवरा पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होता. पहाटे खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून तो निघायचा. रस्त्यातली झाकणं उचलून चावी फिरवायचा, आणि एकेका गल्लीला पाणी यायचं. "आलं बघा, भरून घ्या," असं ओरडून पुढच्या गल्लीत जायचा. आम्ही त्याला पाणीवाले काका म्हणायचो. त्या माणसाची जेवढी वाट पाहिली गेली तेवढी राजाचीही कुणी पाहिली नसेल. मावशी मात्र कुरकुरायची, "सगळ्या गावाला पाणी पाजतात हे, आणि घरी बादली मीच भरते."

काका निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं, मग रस्ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध दिलं, आणि हेही सांगितलं की औषधाने फार काही होणार नाही. काका बाकी सगळं विसरले, पण नोकरी विसरले नाहीत. पहाट झाली की खात्याचा निळा शर्ट चढवायचा आणि निघायचं. चावी खात्याने केव्हाच परत घेतली होती, म्हणून ते खांद्यावर लांब दांड्याची छत्री टाकायचे. रस्त्यातल्या झाकणांत छत्रीचं टोक खुपसून फिरवायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांत त्यांचंच पाणी भरून मोठे झालेलेही होते, आणि ते पाहून माझं डोकं फिरायचं.

एकदा ते परत आलेच नाहीत. मावशीने त्यांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवलेली होती. कुणा भल्या माणसाने त्या नंबरावर फोन केलाही. पण सहा-सात महिने रिचार्ज मारायला जमलं नव्हतं, आणि कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. त्या दुसऱ्याने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. शेवटी एका कंडक्टरने ओळखून काकांना घरी आणलं, ते निव्वळ नशीब म्हणायचं. मावशी त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली आणि रडली. मी तिला रडताना प्रथमच पाहत होतो, आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी एकच फ्रेम पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

सरकारी दवाखान्यात विसरणाऱ्यांना तपासायचा एक दिवस असतो. तिथल्या बाकावर बसून बसून या लोकांच्या घरच्यांचं एक मंडळ झालं. मीही त्यात होतो, कारण माझे वडील त्याच वाटेने निघाले होते. गणिताचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांची बायको त्यांनाच "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारायची. मंडळ म्हणजे काय, ना पावतीपुस्तक, ना पाटी. कुणाला रांगेत उभं राहता येत नसेल तर दुसऱ्याने राहायचं, एकाचं औषध संपलं तर दुसऱ्याने द्यायचं. त्या बाकावर प्रश्न निघाला की माणूस हरवला तर त्याच्या अंगावर काय असावं. चिठ्ठी धुण्यात जाते. गळ्यातला बिल्ला ते काढून फेकतात. नंबर बदलतात, आणि निम्मी मंडळी भाड्याच्या घरात, तेव्हा घरही बदलतं.

मास्तर म्हणाले, इंटरनेटवर आपला एक पत्ता घेऊ. त्या पत्त्यावर सगळ्यांचे फोटो ठेवू, आणि खाली त्या त्या वेळचा चालू नंबर. नंबर बदलला तर आपण आत बसून बदलायचा, बाहेरचा पत्ता तोच राहणार. त्यांचे शब्द मला आठवतात, "एकदा घेतला की आपला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बाकावर एकालाही ठाऊक नव्हतं की असा पत्ता विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतो, आणि भाडं ठरवणारा मालक कुणी पाहिलेला नसतो. मास्तरांना वर्षाला पैसे भरायचे हे माहीत होतं, पण ते त्यांना घरपट्टीसारखं वाटलं. घरपट्टी वाढली म्हणून कुणी तुमच्या घरात दुसऱ्याला आणून बसवत नाही.

पत्ता कुठे लिहायचा हे मावशीने ठरवलं. "कॉलरच्या आत," ती म्हणाली. "मानेला लागत नाही, कुणाला दिसत नाही, आणि शर्ट अंगात असेपर्यंत हरवत नाही." मग 'घरी पोचवा' हे दोन शब्द जोडून, पुढे टिंब आणि संस्थांसाठी म्हणून जी तीन अक्षरं असतात ती, असा पत्ता मास्तरांनी घेतला आणि कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. ती परकी लिपी मावशीला वाचता येत नव्हती. तिने अक्षरांकडे नक्षीसारखं पाहिलं आणि लाल दोऱ्याने, साखळी टाक्याने, पहिला पत्ता काकांच्या निळ्या शर्टात घातला. पुढे मंडळातल्या प्रत्येकाच्या शर्टात, गाऊनमध्ये, स्वेटरमध्ये तिने तो घातला. त्याचे तिने कधी पैसे घेतले नाहीत. कुणी पुढे केले तर म्हणायची, "ठेव, तुझी कंबर वाढली की घेईन."

इंटरनेटवरचं ते पान मास्तरांनी स्वतः जमवलं होतं. सगळ्यात वर काकांचा फोटो, निळ्या शर्टात, छत्रीसकट. खाली लिहिलेलं: यांना पाणीवाले म्हणून हाक मारा, लगेच वळतील. माझ्या वडिलांच्या फोटोखाली मी लिहायला लावलं होतं: यांच्याशी वाद घालू नका, तुम्हीच हराल. मास्तरांच्या घरी मावशीने ते पान एकदाच पाहिलं. पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बटण तुटलंय वरचं. फोटो काढायच्या आधी सांगायचं ना."

आणि पत्ता कामाला आला. माझे वडील एका दुपारी निघाले ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले. तिथल्या औषधांच्या दुकानातल्या मुलीला ते "माझं दुकान कुणी हलवलं?" म्हणून दरडावत होते. तिला कॉलरच्या आतली लाल अक्षरं दिसली, तिने मोबाईलवर पत्ता टाकला, आणि माझ्या दुकानातला फोन वाजला. मी रिक्षा करून गेलो तेव्हा वडील तिच्या स्टुलावर बसून तिला हिशेब शिकवत होते. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले, पण स्वतःच्या गादीवर, माझा हात धरून. हे मी मावशीच्या लाल दोऱ्याचं देणं मानतो. अशीच आणखी माणसं परत आली. दर वेळी मावशी भिंतीवर टिचक्या मारून मला कळवायची.

मग ते पत्र आलं. आम्ही ज्या कंपनीमार्फत पत्ता घेतला होता तिने मास्तरांच्या कॉम्प्युटरवर पाठवलेलं. मास्तरांनी ते आम्हाला बाकावर समजावून सांगितलं. ही कंपनी म्हणजे किरकोळ दुकानदार. तिच्या वर एक ठोक व्यापारी असतो, त्या तीन अक्षरांच्या सगळ्या पत्त्यांची यादी त्याच्याच हातात. तिकडून हुकूम निघाला होता की साध्या, लक्षात राहणाऱ्या शब्दांचे पत्ते आता 'विशेष' समजले जातील आणि त्यांचं भाडं पुढच्या वेळेपासून वेगळं. वेगळं म्हणजे किती, तर मंडळातल्या सगळ्या घरांची महिन्याची औषधं एकत्र धरा. तेही परक्या चलनात आणि कार्डावरच. आमच्यात तसलं कार्ड फक्त मास्तरांच्या पुतण्याकडे. आणि हे एकदाच नाही, दरवर्षी, आणि पुढल्या वर्षी आणखी वाढणार नाही असं कुणी लिहून देत नव्हतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार.

मास्तरांनी सवलतीसाठी अर्ज केला. अर्जात त्यांनी सगळं लिहिलं, काकांची छत्रीसुद्धा. उत्तर फार गोड आलं. आपल्या कार्याबद्दल आम्हाला आदर आहे, सेवाभावी संस्थांसाठी सवलत जरूर आहे, तरी कृपया नोंदणीचा दाखला, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि त्यांचं आमच्या भाषेतलं प्रमाणित भाषांतर पाठवावं. नोंदणी कसली? दवाखान्याच्या बाकाची? मी एका हिशेबनिसाला विचारलं तर त्याचा आणि भाषांतरवाल्याचा मिळून खर्च सवलतीच्या वर जात होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी ते पत्र मास्तरांच्या हातून ओढून घेतलं आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्गणी काढली. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांच्याकडूनच वर्गणी काढायची, यासारखं लाजिरवाणं काम नाही. मी फ्रेमची एक ऑर्डर रद्द करून पैसे टाकले, मावशीने दोन महिन्यांचं घरभाडं थकवून टाकले, तरी तोंडमिळवणी होईना. होत आली तेव्हा तारीख उलटली होती, आणि उलटलेल्या तारखेचा दंड मूळ भाड्याहून मोठा होता. पान आधी कोरं झालं. थोड्या दिवसांनी त्या पत्त्यावर भलतंच काही उघडायला लागलं. एक रंगीबेरंगी चक्र, त्याभोवती नाण्यांचा पाऊस, आणि 'नशीब फिरवा' अशी अक्षरं. जुगाराचा अड्डा. कुणी तरी पत्ता सुटायची वाटच बघत बसला होता, कारण त्या पत्त्यावर माणसं येतात हे त्याला आयतं कळलं होतं. मास्तरांनी त्यालाही लिहिलं. त्याने एका ओळीत किंमत कळवली. माझं दुकान मावशीच्या गाळ्यासकट विकलं असतं तरी ती पुरी झाली नसती.

मास्तर त्या दिवसापासून खचले. बाकावर यायचे, पण डोळ्याला डोळा भिडवत नसत. "मी म्हटलं होतं, एकदा घेतला की आपला," एवढंच पुटपुटायचे. मावशीने त्यांना चहा पाजला आणि म्हणाली की मास्तर, चोराने घर फोडलं तर कुलूप लावणाऱ्याला कुणी फाशी देत नाही. नवा फुकटचा पत्ता मिळत होता, पण तो इतका लांब की कॉलरमध्ये सुरू करून पाठीपर्यंत गेला असता. मग असं ठरलं की माझ्या दुकानाचा नंबर घालायचा. तारेचा जुना फोन, वडिलांच्या वेळेपासून तोच नंबर, आणि बिल मी भरतो. दुकान बंद असेल तेव्हा? फोन मी रोज घरी नेऊ शकत नव्हतो, म्हणून मीच दुकानात उशिरापर्यंत बसू लागलो.

पण जुनी अक्षरं उसवायची होती. ती तशीच राहिली तर माणूस शोधणारा आधी त्या चक्रावरच जाणार. या माणसांचे कपडे कुणी गोळा करून आणून देऊ शकत नाही. त्यांना अंगावरचा शर्ट काढ म्हटलं तर ती घाबरतात, ओरडतात. म्हणून मावशी अर्धं ब्लेड, सुई आणि दोरा घेऊन घरोघर जायला लागली. कुणी झोपलं की शर्ट हळूच काढून घ्यायचा, लाल साखळी टाका टाका करून तोडायची, तिथे माझा नंबर घालायचा, आणि जाग यायच्या आत पुन्हा चढवायचा. गाळा दिवसचे दिवस बंद राहायचा. बँकेतला जाडा येऊन परत जायचा. मी तिला म्हटलं, आधी घरचं कर. काकांच्या बाकीच्या शर्टांत तिने नंबर घातला होता, निळा तेवढा राहिला होता.

"तो हल्ली अंगातून निघतच नाही," ती म्हणाली. "झोपतातसुद्धा त्यातच, आणि हात लावला की जागे होतात. धुवायला घेतला तर वाळेपर्यंत दोरीखाली उभे राहतात. आणि हे माझ्या डोळ्यांसमोर असतात रे. बाकीच्यांचं कोण बघणार? उद्या करते."

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तेव्हा ते तोंडावर बोललो नाही, आणि नंतर तर कधीच बोलणार नव्हतो.

त्यानंतरच्या एका पहाटे ती खाली नळावर पाण्याच्या रांगेत होती. त्यांच्या इमारतीला दोन जिने आहेत. बादली घेऊन ती वर आली तेव्हा दार उघडं होतं, कोपऱ्यातली छत्री नव्हती, आणि खुंटीवरचे सगळे शर्ट जागेवर होते. म्हणजे निळा अंगात होता. ती तशीच पळत माझ्याकडे आली. फोनसाठी मी हल्ली पहाटेच यायचो, नुकतं शटर वर करत होतो. तिने एकच वाक्य म्हटलं, "निळा घालून गेलेत." तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या कॉलरमध्ये काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आम्ही शहरातलं पाण्याचं एकेक झाकण शोधलं. जिथे जिथे काकांनी कधी चावी फिरवली होती तिथे मास्तर, मी आणि मावशी जाऊन उभे राहिलो. पोलिसांत फोटो दिला, भिंतींवर चिकटवला, खाली माझा नंबर. फोन यायचे. कुणी दाढीवाला पाहिलेला असायचा, कुणी टकल्या. एकाने तर चष्म्याचा भाव विचारला आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो की शेजारची दोन माणसं धावत आली. पलीकडे मावशीचं मशीन चालायचं. सुरुवातीला मला वाटलं, काम आलं असेल. डोकावून पाहिलं तर सुईखाली कापड नव्हतं, दोराही नव्हता. ती नुसती पाय मारत होती. मी भिंतीवर बुक्की मारली नाही.

असे पावणेदोन महिने गेले. एक हवालदार दुकानात आला आणि त्याने दुसऱ्या शहरातल्या एका निराधारांच्या आश्रमातून आलेला फोटो काउंटरवर ठेवला. निळा शर्ट होता. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला की चार दिवसांपूर्वी गेले, छाती भरली होती, बेवारस म्हणून उरकलं. भिंत पातळ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पलीकडचं मशीन थांबलं.

आम्ही तिघं बसने गेलो. आश्रमाची देखभाल करणारी बाई चाळिशीची असेल, थकलेल्या चेहऱ्याची, पण वागायला माणुसकीची. हमरस्त्यावर एका ट्रकवाल्याला काका सापडले होते, त्याने तिथे आणून सोडलं. बाईने सांगितलं की त्रास काही नव्हता त्यांचा. पहाटे उठून अंगणातला नळ सोडायचे आणि सगळ्या खोल्यांकडे तोंड करून ओरडायचे, आलं बघा, भरून घ्या. सुरुवातीला इतरांनी कटकट केली, मग सगळे बादल्या घेऊन यायला लागले. नळ दिवसभर चालूच असायचा खरं तर, पण त्यांच्या हाकेनंतरच भरायचं असं होऊन बसलं. हे ऐकताना मावशी किंचित हसली.

मग बाई म्हणाली, "नाव-गाव सांगत नव्हते. कॉलरमध्ये काही लिहिलेलं दिसलं म्हणून मी मोबाईलवर टाकून बघितलं. तर जुगाराचं निघालं. नाणी पडायला लागली खळखळ. मला वाटलं, त्या कंपनीनं जाहिरातीसाठी शर्ट वाटले असतील, यांनाही कुणी दिला असेल. आमच्याकडचे काही जण तर यांना चक्रवाले आजोबा म्हणायला लागले. जुगारात सगळं घालवून बसलेला म्हातारा असेल, असंच धरून चाललो आम्ही."

मास्तर उठून बाहेर गेले. मावशीने विचारलं, "कधी बघितलंत तुम्ही ते?"

"आणलं त्याच संध्याकाळी," बाई म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

ज्या माणसाने आयुष्यात खेळायच्या पत्त्याला हात लावला नाही, बायकोने दिलेले चहाचे पैसेसुद्धा जो परत आणून द्यायचा, तो लोकांच्या लेखी जुगारी म्हणून गेला. मला त्या बाईचा राग येईना. तिने जे करायला हवं तेच केलं होतं, आणि त्याच संध्याकाळी केलं होतं. राग यायला समोर कुणी माणूसच नव्हता. एक आदरपूर्वक लिहिलेलं पत्र होतं, आणि एका ओळीत कळवलेली एक किंमत. मला आजही कधी कधी ओरडावंसं वाटतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नाही.

परतल्यावर दोन दिवसांनी मावशी माझ्या दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत निळा शर्ट. आश्रमाने धुवून दिला होता, छत्री मात्र सापडली नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

"मला दाखव ते," ती म्हणाली.

मी म्हटलं, काय करायचंय बघून? पण ती उठेना. मग मी तिच्या नाकावर जवळच्या नंबराचा चष्मा ठेवला, मोबाईलवर तो पत्ता टाकला आणि तिच्यासमोर धरला. चक्र आलं. नाणी पडायला लागली. मी आवाज बंद केला. तिने बराच वेळ पाहिलं.

"यात त्यांचा फोटो कुठे होता रे?"

"इथे," मी चक्रावर बोट ठेवलं. "सगळ्यात वर. या चक्राच्या जागी."

माझं बोट लागल्याबरोबर ते फिरायला लागलं. ते थांबेपर्यंत ती पाहत राहिली. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला, पिशवीतून शर्ट काढून काउंटरवर पसरला, कॉलर उलगडली आणि अर्धं ब्लेड काढलं. लाल साखळी ती टाका टाका करून तोडायला लागली. माझ्याने ते बघवेना. मी म्हटलं, "मावशी, राहू दे ना आता. त्यांचा आहे तो. आठवण म्हणून तसाच ठेव."

तिने वर पाहिलं नाही. "कापड चांगलं आहे अजून," ती म्हणाली. "आश्रमात परत पाठवणार आहे मी. तिथे कुणीतरी घालेल. तो हरवला, तर तो तरी या जुगारवाल्यांच्या दारात नको जायला."

लाल दोऱ्याचे तुकडे काउंटरवर पडत राहिले. ते संपल्यावर कॉलरच्या आत टाक्यांची बारीक भोकं राहिली, आणि त्यांत पाहिलं तर तो जुना पत्ता अजून वाचता येत होता. मावशीने सुई ओवली, त्याच भोकांवरून माझ्या दुकानाचा नंबर घालायला घेतला, आणि मला एकेक आकडा मोठ्याने सांगायला लावला. मी सांगितले. शेवटच्या आकड्यावर गाठ मारून तिने दातांनी दोरा तोडला आणि विचारलं, "चालू आहे ना रे हा?"

मी फोन उचलून कानाला लावला. आवाज येत होता.